‘कानावर घातले होते’

पत्र : मी १९९९ ते २००४ या काळात अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातील पेन स्टेट विद्यापीठात पीएच.डी. करत होतो. अमेरिकन फुटबॉल मला तिथे जाईपर्यंत ठाऊकही नव्हता. पण शनिवारी लाखभर माणसे एकाच मैदानात पाहिली आणि मैदानाच्या कडेला पँटचे पाय दुमडून, पांढरे मोजे दाखवत उभे असलेले वयस्कर प्रशिक्षक जो पॅटर्नो पाहिले, तेव्हापासून मी त्यांचाच झालो. त्यांच्या पुतळ्याशेजारी बर्फात उभा राहून काढलेला माझा फोटो वीस वर्षे आमच्या दिवाणखान्यात आहे. माझी सोळा वर्षांची मुलगी बास्केटबॉल खेळते. त्यांचा माजी साहाय्यक सँडस्की याने मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणाबद्दल तिने वाचले आणि म्हणाली, ‘बाबा, हा फोटो काढा.’ मी तिला समजावले, की गुन्हा दुसऱ्याने केला; पॅटर्नोंना कळल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांना सांगितले आणि तिथल्या कायद्याची अपेक्षाही तेवढीच होती. तिने विचारले, ‘त्यांच्या जागी तुम्ही असता तर एवढेच केले असते?’ मी ‘हो’ म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरते बोलते. माझे काय चुकले? फोटो काढावा का?

ता. क. : मी अशा बाबतीत बेफिकीर नाही, हे कळावे म्हणून लिहितो. मी एका क्रीडा मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे. दीड महिन्यापूर्वी एका पालकांनी मला पार्किंगमध्ये गाठून सांगितले, की एक साहाय्यक प्रशिक्षक त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाला सरावानंतर एकटा थांबवून घेतो, त्याने मुलाला महागडे बूट घेऊन दिले आहेत, मुलाने आईला काहीतरी सांगितले आहे आणि आता तो सरावाला यायला तयार नाही. मी लगेच सचिवांच्या कानावर घातले.

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पत्राला ताज्या कलमापासून उत्तर देते आहे. पत्राखाली तुमचा फोन क्रमांक होता, म्हणून सदर छापून येण्याची वाट न पाहता मी त्याच संध्याकाळी तुमच्याशी बोलले आणि त्या बोलण्यातला आवश्यक भाग तुमच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे देते आहे. अशा पार्किंगमध्ये उभे असलेले पालक एकच नसतात.

मी तुम्हाला विचारले होते, ‘मुलाने आईला काय सांगितले?’ तुम्ही म्हणालात, ‘ते मी विचारले नाही, बरे दिसले नसते.’ मग विचारले, ‘सचिवांनी पुढे काय केले?’ तुम्ही म्हणालात, ‘ते बघतो म्हणाले होते.’ तो प्रशिक्षक अजून येतो का, या प्रश्नावर तुम्ही थोडा वेळ थांबलात आणि मग म्हणालात, की मंगळवार-गुरुवारची लहान मुलांची तुकडी त्याच्याकडेच आहे.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, तो २०१२ सालचा आहे. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले आहे, किंवा तो घडण्याची भीती ज्याला वाटते आहे, अशा कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचे असते. त्यात सचिव, अध्यक्ष, विश्वस्त असा कुठलाही मधला टप्पा नाही. कळवण्यात कसूर केल्यास २१व्या कलमात सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची किंवा दंडाची तरतूद आहे आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिला तर ही कैद एक वर्षापर्यंत जाते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही, हेही त्याच १९व्या कलमात आहे. मुलगा असो वा मुलगी, कायदा सारखाच लागू होतो. हे मुद्दाम लिहिते, कारण मुलग्यांच्या बाबतीत ‘त्याला काय होणार’ असे म्हणणारी शहाणी माणसे मी पाहिली आहेत.

तेव्हा तुम्ही करायचे ते असे. त्या पालकांकडे जा, दार लावून बसा आणि पार्किंगमध्ये जे विचारले नाही ते विचारा. मुलाची उलटतपासणी तुम्ही घेऊ नका. ते काम ज्यांना शिकवलेले असते ती माणसे वेगळी असतात. त्या प्रशिक्षकाला ‘तुमच्याबद्दल असे ऐकले’ म्हणून सावधही करू नका. तुम्हाला काय, केव्हा आणि कोणी सांगितले ते तारखेसह एका कागदावर लिहून खाली सही करा आणि तो कागद घेऊन पोलीस ठाण्यात जा. पाय अडखळत असतील तर आधी १०९८ या बालमदत क्रमांकावर बोला. पालकांना बहुधा मुलाला चौकीवर न्यावे लागण्याची धास्ती असेल. त्यांना सांगा, की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. आणि चौकशी होईपर्यंत मंगळवार-गुरुवारची तुकडी दुसऱ्या कोणाकडे द्यायला कार्यकारिणीच्या सदस्याला पोलिसांच्या परवानगीची गरज नसते. प्रशिक्षक निर्दोष निघाला तर त्याची महिनाभराची गैरसोय झाली असे होईल, आणि त्याबद्दल त्याची माफी मागता येईल.

आता पॅटर्नोंकडे येते. तुमच्या मुलीने तुम्हाला जे विचारले त्याचे उत्तर तिथे दडलेले आहे, आणि तुम्ही तिला दिलेली माहिती चुकीची नाही, ती फक्त फार लवकर थांबते.

९ फेब्रुवारी २००१, शुक्रवारची रात्र. फुटबॉल संघाच्या लॅश इमारतीत माइक मॅक्क्वेअरी हा सव्वीस वर्षांचा कनिष्ठ साहाय्यक बुटांचा नवा जोड आपल्या कपाटात ठेवायला आला. तिथल्या स्नानगृहात त्याला संघाचा निवृत्त साहाय्यक प्रशिक्षक जेरी सँडस्की आणि साधारण दहा वर्षांचा एक मुलगा दिसले. काय दिसले ते इथे लिहिण्याची गरज नाही. त्याने कपाटाचे दार जोरात आपटले आणि मग वर जाऊन वडिलांना फोन केला. शनिवारी सकाळी तो पॅटर्नोंच्या घरी गेला आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने जे सांगायचे ते सांगितले.

पुढे न्यायालयात मॅक्क्वेअरीने एक गोष्ट सांगितली, ती तुम्ही मनात घोळवावी असे मला वाटते. समोर पॅटर्नो होते म्हणून, त्यांच्याबद्दलच्या आदरापोटी, त्याने नेमके शब्द वापरले नाहीत. सौम्य करून सांगितले. पॅटर्नोंनी २०११च्या जानेवारीत ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर) दिलेली साक्ष जेमतेम काही मिनिटांची आहे. त्यात ते म्हणतात, की प्रकार लैंगिक स्वरूपाचा होता हे आपल्याला समजले, पण माइक अस्वस्थ होता म्हणून नेमके काय ते आपण खोदून विचारले नाही. एकाने आदरापोटी झाकून सांगितले आणि दुसऱ्याने सौजन्यापोटी झाकलेले उघडले नाही. तुमच्या पार्किंगमध्येही याहून निराळे काही झाले नाही.

ज्या माणसाला सगळे मान देतात त्याच्यापर्यंत वाईट बातमी मुळी गाळूनच पोहोचते. आपण घरातल्या वडीलधाऱ्यांना दवाखान्याचा अहवाल सांगतो तसे लोक त्याच्याशी बोलतात. म्हणून अशा माणसाने इतरांपेक्षा जास्त विचारायला हवे. आपल्यासमोर लोक अडखळतात हे त्याला पन्नास वर्षांच्या अनुभवाने ठाऊक असते. पॅटर्नो १९५० साली तिथे साहाय्यक म्हणून आले आणि १९६६ पासून मुख्य प्रशिक्षक होते. ‘सन्मानाने मिळवलेले यश’ हेच त्यांच्या संघाचे ब्रीद होते. खेळाडूंनी पदवी पूर्ण केलीच पाहिजे यावर ते अडून राहत आणि स्वतःचे लाखो डॉलर त्यांनी विद्यापीठाला दिले. माणसाच्या चारित्र्यावरून त्यांना कोणी काही शिकवावे अशी स्थिती नव्हती. चारित्र्य घडवणे हे ज्याने आपले काम मानले, त्याच्याकडून नियमावलीतल्या किमान ओळीपेक्षा अधिक मागणे मला तरी अन्यायाचे वाटत नाही.

ही बातमी त्यांनी क्रीडा संचालक टिम कर्ली आणि उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांना दिली. शनिवारीच का नाही, यावर त्यांचे साक्षीतले उत्तर असे, की लोकांच्या सुट्टीत व्यत्यय आणावा असे आपल्याला वाटले नाही. हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला होता. आता वाटते की त्यात दुष्टपणा नाही, केवळ शिष्टाचार आहे, आणि म्हणूनच ते जास्त अस्वस्थ करते.

तुमचा ‘वरिष्ठ’ हा शब्दही थोडा तपासून पाहू. कागदावर कर्ली हे पॅटर्नोंचे वरिष्ठ होते. पण २००४ साली, तुम्ही तिथेच असताना, विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर आणि हेच कर्ली पॅटर्नोंच्या घरी जाऊन ‘आता निवृत्त व्हा’ असे सुचवून आले. पॅटर्नोंनी नाही म्हटले आणि पुढची सात वर्षे ते प्रशिक्षक राहिले. ज्या माणसाला त्याचे वरिष्ठ घरी पाठवू शकत नाहीत, त्याने ‘मी वरिष्ठांना कळवले’ म्हणून मोकळे व्हावे, हे मला पटत नाही. त्या गावात सँडस्कीला संघाच्या इमारतीची दारे बंद करायला पॅटर्नोंचा एक फोन पुरला असता. सँडस्की १९९९ मध्ये निवृत्त झाला होता, तरी त्याच्याकडे कार्यालय आणि किल्ल्या होत्या. त्या रात्रीनंतरही तो तिथे व्यायामाला येत राहिला.

वर कळवल्यावर वर काय झाले, तेही नोंदलेले आहे. बालकल्याण विभागाला कळवायचे असे आधी ठरले होते. मग २७ फेब्रुवारीला कर्लींनी ई-मेल लिहिला, की पुन्हा विचार केल्यावर आणि काल जो यांच्याशी बोलल्यावर ठरलेली पुढची पावले आपल्याला योग्य वाटत नाहीत. त्यापेक्षा आपण सँडस्कीशीच बोलू. अध्यक्षांनी होकार दिला आणि हा मार्ग मानवतेला धरून आहे असे लिहिले. एकच धोका सांगितला, की सँडस्कीने ऐकले नाही तर कळवले नाही म्हणून आपण अडचणीत येऊ. मानवता सँडस्कीच्या वाट्याला आली. तो मुलगा कोण होता, कुठे राहत होता, त्या रात्री घरी नीट पोहोचला का, हे त्या चौघांपैकी एकानेही शोधले नाही. संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत जड जाणारी बाब हीच आहे.

पॅटर्नोंनी त्या संभाषणात काय सल्ला दिला याची नोंद नाही आणि त्यावरून आजही भांडण आहे. विद्यापीठाने नेमलेल्या लुई फ्री यांच्या २०१२च्या अहवालाने चौघांवरही प्रकरण दडपल्याचा ठपका ठेवला. पॅटर्नो कुटुंबाने तो फेटाळला आणि २०१३ मध्ये स्वतःचा अहवाल आणला. १९९८ मध्येही एका आईने सँडस्कीबद्दल तक्रार केली होती, आणि त्या वेळच्या एका ई-मेलमध्ये ‘कोच’ला पुढे काय झाले हे जाणून घ्यायचे आहे अशी ओळ आहे, तो कोच कोण यावरही वाद आहे. मी हे सगळे वाद बाजूला ठेवते. पॅटर्नोंच्या बाजूने जास्तीत जास्त उदार होऊन, १९९८ मध्ये त्यांना काहीही कळले नव्हते आणि २००१ मध्ये त्यांनी कोणालाही अडवले नाही, असेच धरू. तरीही दहा वर्षे उरतात. फेब्रुवारी २००१ ते नोव्हेंबर २०११. या सगळ्या काळात कर्ली त्यांच्याच विद्यापीठात क्रीडा संचालक होते. ‘त्या मुलाचे काय झाले?’ हे विचारायला किती वेळ लागतो?

त्या दहा वर्षांत सँडस्की आणखी मुलांपर्यंत पोहोचला. अडचणीतल्या घरांतील मुलांसाठी त्याने १९७७ मध्ये ‘सेकंड माइल’ नावाची संस्था काढली होती. मुले तिथूनच यायची. सामन्यांची तिकिटे, कपडे, खेळाचे साहित्य अशा भेटी तो देत असे. (तुमच्या पत्रातले बूट वाचताना माझा हात थांबला तो यामुळे. बूट हा पुरावा नाही, पण दीड महिना दुर्लक्ष करण्याजोगी गोष्टही नाही.) अखेर २००८ मध्ये एका शाळकरी मुलाच्या तक्रारीतून चौकशी सुरू झाली. २०१२ मध्ये सँडस्की दहा मुलांच्या संदर्भात ४५ आरोपांत दोषी ठरला आणि त्याला ३० ते ६० वर्षांची कैद झाली. पुढे कर्ली आणि शुल्ट्झ यांनी मुलांची सुरक्षितता धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला. स्पॅनियरही त्याच गुन्ह्यात दोषी ठरले.

पॅटर्नोंवर खटला झाला नाही. कायद्याने त्यांनी कळवायचे तिथे कळवले होते, हे सरकारी वकिलांनीही मान्य केले. पण राज्य पोलिसांचे तेव्हाचे प्रमुख फ्रँक नूनन यांनी त्याच सुमारास विचारले, की एखाद्या मुलाबाबत असे काही घडते आहे हे कळल्यावर माणूस म्हणून जी नैतिक अपेक्षा असते तिचे काय? पेनसिल्व्हेनियाने २०१४ मध्ये कायदाच बदलला. संस्थेतल्या वरिष्ठांना सांगून आता कर्तव्य संपत नाही. ज्याला कळले त्याने थेट राज्याच्या यंत्रणेला कळवायचे आणि मग वरिष्ठांना. म्हणजे तुमचा मुलीसमोरचा बचाव ज्या नियमावर उभा होता तो नियम तिथेही राहिलेला नाही, आणि आपल्याकडे पॉक्सोत तर तो कधी नव्हताच.

आणखी एक. ९ नोव्हेंबर २०११ रोजी पॅटर्नोंनी निवेदन काढले. त्यात ते म्हणाले, की हे आपल्या आयुष्यातील मोठ्या दुःखांपैकी एक आहे आणि आज मागे वळून पाहताना आपण अधिक काही करायला हवे होते असे वाटते. त्याच रात्री विश्वस्तांनी त्यांना फोनवरून पदावरून दूर केले; विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी वृत्तवाहिनीची गाडी उलटवली. त्या विद्यार्थ्यांपैकी कोणाशी तुम्ही आज बोललात तर कदाचित त्यालाही अवघडल्यासारखे होईल. अडीच महिन्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाने पॅटर्नो वारले. जाण्यापूर्वीच्या मुलाखतीत त्यांनी सांगितले, की हे कसे हाताळावे हे आपल्याला कळले नाही, विद्यापीठाच्या कार्यपद्धतीत आपल्यामुळे अडथळा येईल अशी भीती वाटली, म्हणून आपण मागे झालो आणि ज्यांना जास्त कळते असे वाटले त्यांच्यावर सोपवले. तुम्ही मुलीसमोर त्यांचा जितका बचाव केलात तितका त्यांनी स्वतःचा केला नाही.

तुमच्यावर हे सगळे मी वरून टाकते आहे असे वाटू नये, म्हणून माझेही सांगते. मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर सात वर्षे होते आणि इतिवृत्त लिहायचे काम माझ्याकडे होते. एका शिक्षकाच्या मारकुटेपणाबद्दल तक्रार आली तेव्हा मी सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘सदर विषय मा. अध्यक्षांच्या कानावर घालण्यात आला.’ पुढच्या सभेत त्या वहीवर सर्वांच्या सह्या झाल्या. कानावर घालणे हा मराठीतला फार सोयीचा प्रयोग आहे. तो केला की आपले ओझे उतरते आणि कान ज्यांचे असतात त्यांना ते चढल्यासारखे वाटत नाही. तो मुलगा सहावीनंतर शाळा सोडून गेला. त्याचे नाव मला आज आठवत नाही, वहीतले वाक्य मात्र पाठ आहे.

राहिला फोटो. पेन स्टेट ज्या गावात आहे त्या स्टेट कॉलेजमध्ये एक मोठे भित्तिचित्र आहे, तुम्ही ते पाहिलेही असेल. गावातल्या नामवंतांची चित्रे त्यात आहेत. सँडस्कीला अटक झाल्यावर चित्रकाराने त्याला पुसून तिथे निळी फीत रंगवली. पॅटर्नो गेल्यावर त्याने त्यांच्या डोक्यामागे तेजोवलय काढले आणि सहा महिन्यांनी फ्री अहवाल आल्यावर तेवढे वलय पुसून टाकले. पॅटर्नोंना राहू दिले. मैदानाबाहेरचा पुतळा २२ जुलै २०१२ रोजी विद्यापीठाने हलवला, पण ग्रंथालयावर त्यांचे नाव अजून आहे. त्यांच्या ४०९ विजयांपैकी १११ आधी काढून घेतले गेले आणि २०१५ मध्ये परत दिले गेले. गावालाच जे एका झटक्यात ठरवता आले नाही, ते तुम्ही एका संध्याकाळी ठरवावे अशी माझी अपेक्षा नाही. पॅटर्नोंनी तुम्हाला परक्या देशात आपलेपणा दिला, तो खोटा होता असे म्हणण्याचेही कारण नाही.

मात्र फोटो काढायचा की ठेवायचा, हे आज मुलीशी बोलू नका. तिचा प्रश्न भिंतीचा नव्हता. आपल्याच मैदानावर उद्या काही झाले तर बाबा काय करतील, हे ती सोळा वर्षांची, रोज सरावाला जाणारी मुलगी विचारत होती, आणि तुमच्या ‘हो’मधून तिला ते कळले. आधी त्या पालकांकडे जाऊन या, सही केलेला कागद पोलीस ठाण्यात द्या. मग घरी आल्यावर त्या मुलाची ओळख न सांगता, दीड महिना तुम्ही काय केले नाही आणि आज काय केले, एवढे तिला सांगा. फोटोचा विषय तीच काढेल, किंवा काढणारही नाही.

फोनवर शेवटी तुम्ही म्हणालात, की आज शुक्रवार आहे, सोमवारी सकाळी पहिले काम हेच करतो. त्यावर मी जे म्हणाले तेच पुन्हा लिहिते : पोलीस ठाणे शनिवारीही उघडे असते.